बोर्डाची पाठ

वार्षिक अंकासाठी साहित्य मागविल्याची सूचना फलकावर लागली, की आमच्या वर्गात एकदम पाऊस सुरू होतो. कुणाला पहिला पाऊस आठवतो, कुणाला आजोळचा, तर कुणाला कुणाच्या तरी छत्रीतला. पावसाबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण आमच्या घरात पावसापेक्षा उन्हाचा विचार अधिक होतो. ऊन तापले की बोर्ड वाकतात, आणि बोर्ड वाकले की आमचा महिना वाकतो. म्हणून यंदा मी बोर्डावरच लिहायचे ठरविले आहे. विषय रूक्ष वाटला तर वाचकांनी खुशाल पान उलटावे. मात्र उलटताना त्या पानाला मागची बाजूही आहे एवढे ध्यानात घ्यावे. माझ्या लेखाचा विषय तोच आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, मूळचे पेंटर. कोल्हापुरात ‘पेंटर’ या शब्दाला वजन आहे. बाबुराव मेस्त्री या कलावंताला लोकांनी पेंटर हेच आडनाव बहाल केले आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला तो बाबुराव पेंटर या नावानेच. आबांची झेप तेवढी नव्हती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार एवढाच त्यांचा संसार. पण त्यांचे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ पाहायला इतर पेंटर येत, असे आई आजही सांगते. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स आले, पाठोपाठ छापील व्हिनाइल आले, आणि अक्षर काढणारा हात अक्षर चिकटवू लागला. माझा जन्म त्याच सुमाराचा. त्यामुळे आबांना ब्रश घेऊन माळ्यावर चढलेले मी पाहिलेले नाही. व्हिनाइलच्या गुंडाळीपुढे स्क्वीजी घेऊन ओणवे झालेले मात्र रोज पाहते. संध्याकाळी कॉलेज सुटले की मीही त्यांच्या समोरच्या बाजूला ओणवी असते.

आता थोडी ओळख करून देते. ज्याला बाजारात सर्रास ‘सनबोर्ड’ म्हणतात तो पीव्हीसीला आतून फुगवून केलेला पत्रा असतो. आत सूक्ष्म बुडबुडे असल्याने तो भरीव पीव्हीसीच्या निम्म्याहून कमी वजनाचा भरतो. तीन किंवा पाच मिलिमीटर जाडीचा हा पत्रा भिंतीवर नुसत्या दुहेरी चिकटपट्टीनेही राहतो. त्यावर जे चिकटवायचे ते व्हिनाइल म्हणजेही पीव्हीसीच. पण साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे पातळ. एवढे पातळ पान आपल्यापेक्षा तीस ते पन्नास पट जाड पत्र्याला वाकवते, यावर प्रथम माझा विश्वास बसला नव्हता. मग दुकानात एक तीन मिलिमीटरचा बोर्ड आठवडाभर उन्हात ठेवलेला पाहिला. त्याची सरळ होडी झाली होती. चित्र आतल्या बाजूला आणि दोन्ही कडा वर उचललेल्या.

यामागचे कारण मला प्रथम समजले ते दुकानात नव्हे, गच्चीवर. आई उडदाचे पापड वाळत घालते तेव्हा तासाभराने त्यांच्या कडा वर येऊ लागतात. वरची बाजू आधी वाळते, वाळली की आकसते. खालची अजून ओली असते, ती आकसायला तयार नसते. मग पापड जिकडची बाजू आकसली तिकडे वळतो. आई काय करते? पापडावर दगड ठेवीत नाही, पापड उलटते. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच ऊन मिळाले, की पापड हट्ट सोडून सपाट होतो. बोर्डाचे सारे शास्त्र या उलटण्यात आहे. जी बाजू आकसते ती दुसरीला आपल्याकडे ओढते, आणि ओढ एकाच बाजूने असली तर वाक येतो.

व्हिनाइल का आकसते, याला मात्र पापडापेक्षा जास्त कारणे आहेत. रोजच्या वापरातले स्वस्त व्हिनाइल तयार होते ते तापलेल्या रुळांमधून. पीव्हीसीचा मऊ गोळा रुळांत दाबून, पुढे ओढून त्याचे लांबलचक पान करतात, आणि ते ओढलेलेच थंड होते. त्या ओढीची आठवण त्याच्या अंगात राहते. ऊब मिळाली की ते मूळच्या आकाराकडे परतू पाहते. गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने जास्त, रुंदीच्या दिशेने कमी. दुसऱ्या एका जातीचे व्हिनाइल पातळ द्रव पसरून, तो वाळवून करतात. त्याला कुणी ओढलेले नसल्याने ते फार कमी आकसते. गाड्यांवर चढवायला ते वापरतात. पण त्याची किंमत ऐकून आमच्या गल्लीतले गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरते. शिवाय व्हिनाइलला मऊपणा यावा म्हणून त्यात जे द्रव्य घातलेले असते ते वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते, आणि पान आणखी आकसून ताठर होते.

हा झाला कारखान्याचा भाग. उरलेला भाग आपल्या हातांचा. मागचा कागद सोलताना बुडबुडा राहू नये म्हणून नवखा माणूस व्हिनाइल ताणून धरतो. ताणलेले पान त्या क्षणी आरशासारखे बसते, आणि आपली लांबी परत मागायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करते. मी काम शिकू लागले तेव्हा आबांनी पहिले वाक्य सांगितले ते हे: “ओढू नको. ओढलेलं व्हिनाइल विसरत नसतंय.” दुसरे वाक्य, “घाई करू नको,” हे शाईबद्दल होते. आमच्याकडची छपाई द्रावक असलेल्या शाईची. छपाई हाताला कोरडी लागली तरी द्रावक पानात मुरलेला असतो. त्याने पान मऊ होते, चटकन ताणले जाते आणि कडेला सुटू पाहते. म्हणून छापलेले व्हिनाइल आम्ही निदान एक दिवस सैल पसरून ठेवतो, मगच त्यावर लॅमिनेशन. लॅमिनेशनची फिल्मही यंत्रात ताणून चढविली तर एका आकसणाऱ्या पानावर दुसरे आकसणारे पान बसते. तेव्हा यंत्राचा ताण जेमतेम सुरकुती न पडण्याइतकाच ठेवायचा.

बोर्डही आदल्या दिवशी आत आणून ठेवायचा. टेंपोतून उतरवलेल्या गरम पत्र्यावर काम करायचे नाही. मग व्हिनाइल बोर्डावर पसरून मध्यावर मास्किंग टेपची आडवी पट्टी मारायची, म्हणजे पान जागचे हलत नाही. एका बाजूचा कागद टेपपर्यंत सोलून कापायचा, पान नुसते वर धरायचे, खेचायचे नाही, आणि मध्यापासून कडेकडे स्क्वीजी फिरवीत जायचे. मग टेप काढून दुसरी बाजू. हे सारे ऐकायला सोपे आहे. आठ फूट बोर्डावर दोघांनी मिळून करताना मात्र समोरच्याच्या हाताचा ताण आपल्या बोटांना कळतो, आणि आबांच्या माझ्यात जे बोलणे होते त्यातले बरेचसे असेच, न बोलता होते.

इतके सगळे सांभाळले तरी व्हिनाइल थोडेफार आकसणारच. म्हणून शेवटचा उपाय पाठीचा. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही त्याच जातीचे, तेवढ्याच जाडीचे, गुंडाळीच्या त्याच दिशेने कापलेले कोरे व्हिनाइल चिकटवायचे. पुढे लॅमिनेशन असेल तर मागेही. पुढचे पान एकीकडे ओढते, मागचे दुसरीकडे. बोर्ड मध्ये सरळ उभा. वाकलेल्या बोर्डावर वजन ठेवून तो सरळ होईल असे पुष्कळांना वाटते. वजन असेपर्यंत तो होतोही. पण ओढणारे पान तिथेच असल्याने वजन उचलले की पुन्हा होडी.

ही युक्ती आबांना व्हिनाइलवाल्याने शिकविलेली नाही. हार्डबोर्डवर पाट्या रंगवायच्या काळात ते आधी मागच्या बाजूला एक हात प्रायमर मारीत. नाहीतर पुढच्या रंगाने बोर्ड बाकतो. त्याला ते शिंप्याच्या भाषेत ‘अस्तर’ म्हणत. मग मला इतरत्रही अस्तर दिसू लागले. आपल्या ग्रंथालयात पुस्तके बांधायला येणारे बाइंडर पुठ्ठ्यावर बाहेरून कापड चढवितात. त्याची खळ वाळताना पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. आतून पुस्तीचा कागद डकवला की तो पुठ्ठ्याला परत आत ओढतो. प्लायवुडमध्ये थरांची संख्या विषम ठेवतात ती याचसाठी: मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी ओढ हवी. लिओनार्दोची ‘मोनालिसा’ पॉप्लरच्या फळीवर रंगविलेली आहे. रंग पुढे आणि पाठ उघडी असलेली ती फळीही कालांतराने बाकली असून तिच्या वरच्या भागात एक चीर आहे. जगप्रसिद्ध स्मितामागे वाकलेली फळी आहे हे कळल्यापासून मला त्या बाईविषयी आपुलकी वाटू लागली आहे.

आपल्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातील सरांना मी एकदा धीर करून याबद्दल विचारले. कलाशाखेची मुलगी बोर्ड का वाकतो हे विचारते आहे, याचे त्यांना जरा आश्चर्य वाटले असावे. पण त्यांनी खडू हातात घेतला. १९०९ साली जी. जी. स्टोनी या अभियंत्याने पोलादाच्या पातळ पट्टीवर एकाच बाजूने निकेलचा मुलामा चढविला आणि पट्टी किती वाकते यावरून मुलाम्यातला ताण मोजला. त्या हिशेबातून निघालेला नियम आजही वापरतात. वाक हा वरच्या थराच्या जाडीच्या आणि त्यातील ताणाच्या प्रमाणात वाढतो. पण खालच्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर वाक चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे तीन मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटरचा बोर्ड घेतला तर वाक जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका उरतो. उलट बोर्डाची लांबी दुप्पट केली तर कडा चौपट वर उचलतात. मी वही घरी नेऊन आबांना दाखविली. ते म्हणाले, “एवढं सगळं ठाऊकच होतं की. फक्त चौपट आहे हे ठाऊक नव्हतं.” दुसऱ्या दिवसापासून चार फुटांवरच्या बोर्डासाठी ते तीन मिलिमीटरचा पत्रा हातातही घेईनासे झाले.

हे शास्त्र आमच्या घरात भांडणाला कारण झाले ते गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. एका संस्थेकडून तीस बोर्डांचे काम चालून आले. तीन फूट बाय दोन फूट, संस्थेच्या पश्चिमेकडच्या लांब व्हरांड्यात थोरामोठ्यांची चित्रे लावायची. आबांनी कोटेशन दिले: पत्रा, छपाई, लॅमिनेशन, आणि वेगळ्या ओळीत ‘पाठीचे व्हिनाइल’. ती ओळ एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाची होती. कोटेशन पाहायला आलेल्या गृहस्थांनी पेन काढून तीच ओळ खोडली आणि म्हणाले, “मागं कोण बघतंय? बाकीचं करून टाका.” आबांनी त्यांना होडी झालेला बोर्ड दाखविला, पश्चिमेचे ऊन सांगितले, पाठीला थोडे स्वस्त करून देतो म्हणाले. ते ऐकेनात. तेव्हा आबांनी कोटेशनची घडी केली आणि काम होणार नाही असे सांगून चहा मागविला.

त्या दिवशी माझ्या फीची तारीख आठ दिवसांवर होती. आईने संध्याकाळी ते ऐकले आणि पुढचा अर्धा तास आमच्या घरात एकाच बाजूने ओढ होती. “त्यांनीच नको म्हटलं होतं ना? मग वाकले असते तर त्यांचे वाकले असते. तुमचं काय गेलं असतं?” आबा म्हणाले, “खाली आपल्या दुकानाचं नाव असतंय.” आई म्हणाली, “मग फीची तारीख पण त्या बोर्डाच्या पाठीवर लिहा. म्हणजे ती तरी कुणाला दिसंल.” आबांनी यावर उत्तर दिले नाही. माझ्याजवळही नव्हते. आईचे म्हणणे चूक आहे असे मला वाटले नाही, आजही वाटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला सरळ रेषेचे मोल पैशांत काढावे लागते. ते काढणाऱ्याला हिशेबी म्हणून हिणवणे सोपे आहे; पण त्या हिशेबावरच मी ओणवी होऊन सरळ रेषा शिकत होते. फीचे पुढे कॉलेजच्या कार्यालयाने दोन हप्ते करून दिले, पहिला हप्ता मावशीने दिला, आणि विषय मिटला; म्हणजे बोलण्यातून गेला.

दिवाळीनंतर वक्तृत्व स्पर्धेसाठी मला त्याच संस्थेत जावे लागले. व्हरांडा लागताच मी बोलण्याचे मुद्दे विसरून भिंतीकडे पाहू लागले. काम दुसऱ्या कुणीतरी करून दिले होते. छपाई छान होती, रंग आमच्यापेक्षा उजळच होते. पण तीसपैकी निम्म्याहून अधिक बोर्डांचे कोपरे भिंत सोडून पुढे आले होते आणि एका थोर पुरुषाच्या खांद्यामागे मावेल एवढी फट पडून तिच्यात पालीने संसार मांडला होता. मला समाधान व्हायला हवे होते. झालेही असेल थोडे. पण तिथे उभी असताना मी दुसरीच गोष्ट पाहिली. मुले येत होती, चित्रांखालची माहिती वाचत होती, एक लहान मुलगी बोटाने ओळ लावून मोठ्याने वाचत होती. वाकलेल्या कोपऱ्यांकडे कुणाचेही लक्ष नव्हते. ते फक्त मला दिसत होते.

ही गोष्ट मला पालीपेक्षाही बोचली. लोकांना जर फरकच पडत नसेल, तर आबांनी परत पाठविलेले ते काम कोणासाठी परत पाठविले? घरी येऊन मी सगळे सांगितले. वाटले, आबा म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो? त्यांनी फक्त विचारले, “चिकटपट्टी होती का स्क्रू?” मी म्हटले, चिकटपट्टी. “मग उन्हाळ्यापर्यंत खाली येतील. त्या पोरांना म्हणावं जरा लांबून वाचा.” त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. पुढच्या वर्षी पडायच्या बोर्डाची काळजी त्यांना आधीच लागली होती, आणि बोर्ड त्यांचा नव्हता. ‘कोणासाठी’ या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच मिळाले. वाचणाऱ्या मुलांना फरक पडत नाही तो बोर्ड भिंतीवर आहे तोवर. तो खाली आल्यावर जो फरक पडतो त्याचा विचार आधीच करून ठेवणे, यालाच बहुधा कारागिरी म्हणतात. आणि तो विचार फळला तर काहीच घडत नाही, म्हणून तो कुणाला दिसतही नाही.

तोड मात्र काढली ती आईने. जानेवारीत आबा एका नव्या कामाचे कोटेशन लिहीत बसले होते. आई पापडाचे पीठ मळता मळता म्हणाली, “पाठ वेगळी लिहिता म्हणून लोक खोडतात. पापडाची एक बाजू वाळवल्याचे वेगळे पैसे मी लावते का? एका बोर्डाला एकच भाव लिहा.” आबा थोडा वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला.

तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये पाठीची ओळ नसते. काही गिऱ्हाइके भाव ऐकून जातात, काही राहतात. आईच्या वहीप्रमाणे महिना पूर्वीपेक्षा फार वेगळा दिसत नाही. पण पाठ खोडून मागणारे अजून कुणी आलेले नाही. येत्या स्नेहसंमेलनाचे बोर्ड कुणी करणार असेल, तर एवढे सांगून ठेवते: पत्रा पाच मिलिमीटरचा घ्या, छापलेले व्हिनाइल एक दिवस वाळू द्या, चिकटवताना ओढू नका. मैदानावर आठ फुटी बोर्ड लावणार असाल तर स्क्रूची भोके लांबट पाडा आणि स्क्रू फार आवळू नका. वीस अंशांनी ऊन वाढले की एवढा पत्रा सुमारे तीन मिलिमीटर लांबतो, आणि त्याला सरकायला जागा नसली तर तो फुगतो. पाठीचे सांगत नाही. ती भावातच धरलेली आहे.